तांदळावर तांदूळ

रोज सकाळी पाववाल्याचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजला की जागृती मिक्सर लावायची. भांड्यात कधी खोबरं असायचं, कधी माशांच्या आंबटाचं वाटण. काहीच नसलं तर मूठभर तांदूळ टाकायचे आणि बटण फिरवायचं. पाववाला सायकल हाकत घरापुढून जायचा, पुढच्या आळीत वळायचा, आणि तो वळला असेल असं वाटलं की तिचा हात बटणावरून निघायचा. आतल्या खोलीत शाळेची तयारी करणाऱ्या रिद्धीला भोंगा ऐकू येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं. रिद्धी नऊ वर्षांची होती. मम्मी रोज त्याच वेळेला काय वाटते हे तिला केव्हाच कळलेलं होतं. पण तीही कधी बोलली नाही. मिक्सर थांबला की आतून विचारायची, “झालं?”

“झालं,” जागृती म्हणायची.

रिद्धीच्या आतड्याला गहू सोसत नाही, हे कळून दोन वर्षं झाली होती. आधी जंत म्हणून औषधं झाली, मग दृष्ट काढून झाली, मग बोईसरच्या पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मुंबईला पाठवून दुर्बीण घातली आणि सांगितलं की याला गोळी नाही. गहू बंद, आयुष्यभर. मैदा, रवा, शेवया, बिस्किटं, पाव सगळं बंद. चिमूटभरसुद्धा नको. जागृतीने घरी येऊन डबे उघडले तेव्हा तिला समजलं की चिमूटभर गहू किती ठिकाणी लपून बसतो. हिंगाच्या डबीत होता. सांबारच्या पुडीत होता. वर्गातल्या मुलीने वाढदिवसाला वाटलेल्या चॉकलेटात होता.

चिंचणीसारख्या गावात तांदळाच्या भाकरीवर माणूस जन्म काढू शकतो, आणि रिद्धीचं पोट तसं भाकरीवर भरत होतंच. पण आजार कळण्याआधी सात वर्षं ती पाव खाऊन वाढली होती. सकाळच्या चहात बुडवलेला पाव, शाळेच्या डब्यातला चटणीपाव, आजी बाजारातून येताना आणायची तो गोड बनपाव. भाकर गार झाली की डब्यात कडक होते, तिचे तुकडे पडतात. मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली पाव काढायच्या आणि रिद्धी डब्याचं झाकण अर्धंच उघडून खायची, हे बाईंनी एकदा सहज सांगितलं. त्या दिवसापासून जागृतीने पाव करायचं मनावर घेतलं.

तिला भट्टीचं काम नवं नव्हतं. लग्नाआधी, सफाळ्याला माहेरी असताना, ती पालघरच्या एका बाईंकडे केक शिकली होती. भावाने लग्नात छोटा ओव्हन दिला होता. चिंचणीत वाढदिवस असला की लोक आधी जागृतीकडे येत. नावं लिहिलेले केक, होडीच्या आकाराचा एक केक, तांडेलांच्या नातवासाठी केलेला निळ्या लाटांचा केक. रिद्धीचं निदान झालं आणि तिने ते सगळं थांबवलं. मैदा चाळताना त्याची धूळ हवेत तरंगते आणि भांड्याकुंड्यांवर बसते. ज्या ओव्हनमध्ये मुलीचा पाव भाजायचा त्यात मैदा नको. तिने मैद्याचा डबा शेजारच्या तानीवहिनीला देऊन टाकला, ओव्हनच्या जाळ्या राखेने घासल्या, आणि केकची ऑर्डर घेऊन येणाऱ्यांना “सध्या नाय जमत” म्हणू लागली. काही दिवसांनी लोक यायचे थांबले.

पाव मात्र जमेना. नुसत्या तांदळाच्या पिठाचा पाव वीट व्हायचा. नाचणी घातली तर तो मातीसारखा भुरभुरायचा. ज्वारीने कडवटपणा यायचा. साबुदाण्याचं पीठ घातलं तर वरून छान, आतून चिकट, सुरीला लोंबणारं. आरारूटने रंग गोरा व्हायचा पण चव पुठ्ठ्याची. गव्हात जे चिवटपण असतं, जे फुगणारी हवा आत धरून ठेवतं, ते कशातच नव्हतं. मोबाईलवर एक बाई हिंदीत सांगायची की अमुक एक डिंक घाला, तो परदेशातून मागवा. जागृतीने औषधाच्या दुकानातून इसबगोल आणलं. ते पाण्यात भिजवलं की बुळबुळीत होतं आणि पिठाला थोडं धरून ठेवतं, हे तिचं तिलाच सुचलं. सोडा आणि लिंबू, सोडा आणि दही, यीस्टची पुडी, पोटदुखीवरची फेसाची पावडर, सगळं करून झालं. फेसाच्या पावडरीचा पाव सर्वांत उंच फुगला आणि ओव्हनचं दार उघडल्याबरोबर कुणी बसकन मारावी तसा खाली बसला.

“बसला गो तुजा पाव,” सासू साखरबाई दारातून म्हणाल्या. “दमला असंल.”

साखरबाईंची सगळी हयात सुकी मासळी विकण्यात गेली होती. आता गुडघ्यांमुळे बाजार झेपत नसे, तरी घरी बसून त्या सुकट निवडून द्यायच्या. सुनेची धडपड त्यांनी पहिल्यापासून पाहिली होती आणि ताडीची सूचना त्यांचीच.

“मी तारापूरला पारश्यांकडं मासे द्यायला जायची. ती लोकं भाकरे करायची, गोड वड्यासारखे, ताडी घालून. काय हलके व्हायचे, तुला सांगू. पहाटची ताडी आन नि घाल. यीस्ट-फीस्ट काय करतेस?”

“आई, पोरीला ताडी घालून पाव देऊ?”

“भाजल्यावर ताडी ऱ्हाते का त्यात?”

प्रदीप, जागृतीचा नवरा, बोईसरच्या एका कारखान्यात पाळ्यांवर जायचा. तेव्हा नुकताच पाळीवरून येऊन पाय धुत होता. तो म्हणाला, “घाल गो. शाळेत बाईंनी इचारलं तर रिद्धी सांगंल, आमच्या घरी सगळी न्याहारीलाच घेतात.”

रिद्धी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या उन्हाळ्यात जागृतीने खरोखर पहाटेची गोड ताडी घालून पाव केला आणि तो बऱ्यापैकी झाला. हलका, किंचित आंबूस, वर सोनेरी. फक्त दुसऱ्या दिवशी चिरा पडल्या. तरी घरातल्या सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ला, आणि साखरबाईंनी एक तुकडा पदराच्या टोकाला बांधून शेजारी दाखवायला नेला.

या सगळ्या काळात रिद्धी बरी व्हायला हवी होती. ती झाली नाही. दुखणं थोडं कमी व्हायचं, पुन्हा यायचं. पोट टम्म, हातपाय काड्या. शाळेच्या रांगेत ती पहिली, कारण सर्वांत बुटकी. रक्तातला जो आकडा गहू बंद झाल्यावर खाली यायला हवा होता, तो पहिल्या तपासणीत थोडा उतरला आणि दुसऱ्या तपासणीत जिथल्या तिथे राहिला. फाल्गुनात तिसऱ्यांदा रक्त दिलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

“हिच्या पोटात गहू जातोय,” ते म्हणाले. “रोज जातोय, थोडा थोडा. घरातच शोधा. नाही सापडला तर पुन्हा दुर्बीण घालावी लागेल, आणि मग आपल्याला दुसऱ्या, जास्त वाईट आजाराचा विचार करावा लागेल.”

बोईसरहून परतताना रिक्षात रिद्धी तिच्या मांडीवर झोपली. जागृतीला ती हलकी लागली. नऊ वर्षांचं मूल इतकं हलकं नसतं.

घरातच शोधा. जागृतीने घर पुन्हा धुतलं. रिद्धीचा तवा वेगळा होता, पोळपाट वेगळा, परात वेगळी, भांडी पुसायचा कपडासुद्धा वेगळा. प्रदीपच्या डब्याच्या पोळ्या ती रिद्धीचं सगळं उरकून मागच्या पडवीत करायची आणि हात कोपरापर्यंत धुवायची. मग उरलं कोण? दिवसभर मुलीजवळ कोण असतं? माणूस थकलं की त्याला लांबचं दिसत नाही. हाताशी असेल त्यालाच ते धरतं.

साखरबाई रिद्धीची वेणी घालत बसल्या होत्या. जागृती भांडं हातात घेऊन समोर उभी राहिली.

“आई, खरं सांगा. तुमी तिला कायतरी देता. बटर, खारी, कायतरी.”

साखरबाईंचा हात वेणीत थांबला.

“मी?”

“मग कोन? मी दोन वर्षं हात धुऊन धुऊन सालपटं काढली. दुसरं घरात हाय कोन?”

“मम्मी, आजीने नाय दिलं—”

“तू गप.”

साखरबाईंनी वेणी पुरी केली. रिबीन बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “आजपासून माज्या हातचं पानीसुदीक देऊ नको तिला. म्हंजे तुला कळंल.”

आणि त्यांनी तसंच केलं. त्या चहा मागच्या पायरीवर घेऊ लागल्या. रिद्धीच्या भांड्यांच्या फळीकडे फिरकेनात. मूल जवळ आलं तर “जा, मम्मीकडं जा” म्हणायच्या. रागावलेल्या दिसत नसत, भांडतही नसत. घरात एक माणूस कमी झाल्यासारखं झालं, इतकंच. प्रदीप दोघींच्या मधे काही दिवस घुटमळला. मग पाळ्या बदलल्या आणि तोही झोपेच्या मागे लागला. रिद्धीच्या वेण्या आता जागृती घालायची, वेड्यावाकड्या, घाईच्या. पोट दुखायचं थांबलं नाही. आजी लांब गेली तरी थांबलं नाही, हे जागृतीच्या ध्यानात येत होतं. त्याचा अर्थ काय, ते स्वतःशी बोलायची तिच्यात ताकद नव्हती.

आषाढात होड्या वर ओढलेल्या होत्या, कोळीवाड्यात माणसं घरी होती आणि दिव्यांची अवस तोंडावर आली होती. श्रावण लागण्याआधी घराघरांत कोंबडी आणि वडे व्हायचे होते, म्हणून वामनकाकांच्या गिरणीत गर्दी होती. जागृती धुऊन पंख्याखाली वाळवलेल्या तांदळाचा डबा घेऊन रांगेत उभी राहिली. हवा दमट, तांदूळ पुरते वाळलेच नव्हते.

वामनकाकांशी तिचं पहिल्यापासून ठरलेलं होतं. गिरणीत जातं एकच, त्यावर गहूही दळला जायचा. तेव्हा तिचं दळण गव्हानंतर कधीच लावायचं नाही. आधी दुसऱ्या कुणाचा तरी तांदूळ निघू द्यायचा, मग हिचा. तांदळावर तांदूळ. वामनकाका ते इमानाने पाळत. कितीही घाईचं गिऱ्हाईक असलं तरी “पोरगी आजारी हाय तिची, थांब जरा” म्हणून तिचा डबा राखून ठेवत. मिश्यांवर पीठ, पापण्यांवर पीठ, असा तो माणूस पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागलेला.

“जागू, ये! तानीचा तांदूळ झाला की तुजा. तांदळावर तांदूळ!”

पुढे तानीवहिनीचं दळण चाललं होतं. कापडी नळ्यातून पीठ गरम गरम डब्यात पडत होतं, आणि त्याबरोबर वास आला. भाजलेल्या धन्यांचा, मेथीचा. जागृतीला तो वास ओळखीचा वाटला. एखाद्या माणसाला आपण रोज पाहतो आणि एक दिवस त्याचं नाव विचारतो, तसं तिचं झालं. तिच्या पावाला मधूनच असा पुसट वास यायचा. तिला वाटायचं, तांदूळच सुवासाचा असेल.

“वहिनी, ह्यात काय हाय?”

“वड्याचं गो. उद्या अवस नाय का?”

“तांदूळ ना?”

“तांदूळच. जरा उडीद, चनाडाळ, धने, मेथी. आनि दोन मुठी गहू.” तानीने पिठाचा हात पदराला पुसला. “गव्हाबगर वडा फुगंल का? तूबी घालतेसच की.”

घालत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून, रिद्धीचं कळेपर्यंत, दर वर्षी. आणि गिरणीवर कुणी विचारलं, काय आणलंस, तर तीही म्हणायची, तांदूळ. किनाऱ्यावरची कुठलीही बाई हेच म्हणते. वड्याच्या पिठाला गहू कुणी मानत नाही. रविवार असो, पाहुणा असो, सण असो, वडे होतात, आणि त्यांचं पीठ तांदूळ म्हणूनच गिरणीत जातं. त्याच्यामागून, जात्याच्या खाचांत राहिलेलं ते सगळं घेऊन, तिच्या मुलीचं पीठ बाहेर पडत होतं. दोन वर्षं.

“टाक ना गो,” वामनकाका ओरडले. “काय बगतेस?”

“नको काका.”

“का? आता तांदूळच होता ना पुढं!”

“वड्याचं होतं ते.”

वामनकाकांनी खटका ओढला. पट्टा मंद होत थांबला. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचं तोंड उतरलं. “आयला,” ते म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, “आयला. मी तर तुजं राखून ठेवायचो गो.”

“तुमचं काय नाय काका. मीच इचारलं नाय कधी.”

ती डबा घेऊन परत निघाली. रस्त्यात चिखल होता आणि डबा जड होता. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. सापडला होता गहू, दुर्बीण टळायची आशा होती. पण पाय ओढत होते. मनात एकच हिशेब चालला होता, की गहू तिने स्वतःच्या हाताने, सर्वांत स्वच्छ डब्यात, स्वतः चालत जाऊन घरी आणला होता.

साखरबाई मागच्या पायरीवर जवळा निवडत होत्या. जागृती शेजारी बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

“आई. गिरनीतून येत होता.”

“काय?”

“गहू. वड्याच्या पिठातून. माज्या पुढं वड्याचं दळायचे, त्याच्यामागून आपलं.”

साखरबाई जवळा निवडत राहिल्या. काडी वेगळी, खडा वेगळा. मग म्हणाल्या, “हां. त्याला आपन गहू धरतच नाय.”

“नाय.”

“म्हंजे मी नव्हते.”

“नाय, आई.”

“बरं,” साखरबाई म्हणाल्या. आणि मग, “तो माजा चहाबरोबरच्या बटरचा डबा हाय ना, वरच्या फळीवर. जा, बग त्यात काय हाय.”

जागृतीने उठून डबा उघडला. आत सुई-दोरा होता, बटणं होती, जाळं शिवायची एक जुनी सुई होती. बटरचा चुरासुद्धा नव्हता. पत्रा आतून घासून लख्ख केलेला होता.

“कधीपासून?”

“तिचं कळलं तवापासून. पोर मांडीवर बसते. तोंडाला लागलेलं असतं मानसाच्या.” साखरबाईंनी सूप झटकलं. “सांगायचं होतं. पन तू इचारलं नायस, डायरेक सांगितलंस.”

जागृती डबा हातात घेऊन उभी राहिली. माफी मागावी असं तिला वाटलं. पण तिने नुसतं डब्याचं झाकण लावलं. साखरबाईंनीही वाट पाहिली नाही. त्या म्हणाल्या, “ते तांदूळ ओले हायत, वास मारतील. काय करशील त्यांचं?”

करायचं काय, हा खराच प्रश्न होता. गिरणी गेली. मिक्सरमध्ये कोरडे तांदूळ रव्यासारखे राहतात, त्याचा पाव दाताखाली कचकचतो, हे करून पाहिलेलं होतं. फेकायचे तर जिवावर येत होतं. म्हणून तिने ते दुपारी पुन्हा पाण्यात घातले, घावनांना घालतात तसे. सकाळी निथळून मिक्सरमध्ये वाटले. वाटता वाटता तिचा हात थांबला. हे पीठ गंधासारखं मऊ होतं. दोन वर्षं ती दळलेल्या पिठात पाणी घालून पाव करायला बघत होती, आणि इथे पीठ नव्हतंच. भिजलेला तांदूळ होता आणि तो सरळ वाटणात उतरत होता. तिने तेल घातलं, साखर, मीठ, फुललेलं इसबगोल. मिक्सरचं भांडं तापलं होतं, म्हणून ते निवेपर्यंत वाट पाहिली आणि मग यीस्ट घातलं. पावसाळ्यात ताडी मिळत नव्हती. भांड्यात ओतलं, झाकलं, आणि ते काठाला येईपर्यंत ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली.

पाव एका बाजूने थोडा खचला. पण कापला तेव्हा आत बारीक बारीक भोकं होती, आणि सुरी कोरडी निघाली. रिद्धीने शाळेतून आल्यावर एक तुकडा दाबून पाहिला. तो दबला आणि हळूहळू वर आला. तिने चहात बुडवला, खाल्ला, विचार केला.

“पाव नाय,” ती म्हणाली. “पन पावाचा चुलतभाव हाय.”

“चुलत तर चुलत,” साखरबाई पायरीवरून म्हणाल्या. “घरचा तर हाय.”

रक्त पुन्हा तपासायला अवकाश होता. आकडा उतरेल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. जागृतीलाही आता फार आशा धरायचं बळ नव्हतं. त्या दिवशी रिद्धीने पोट दुखतं म्हटलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं, थोडंसं. असंच चालणार होतं अजून बरेच दिवस, हे जागृतीला कळत होतं.

संध्याकाळी प्रदीपची पाळी होती. ती मागच्या पडवीत त्याच्या डब्याच्या पोळ्यांची कणीक मळत होती. साखरबाई दारात येऊन उगाच उभ्या राहिल्या, आत पाहून, परत वळल्या. रिद्धीच्या भांड्यांची फळी त्यांच्यापासून हातभरावर होती. त्या अजूनही त्या फळीला शिवत नव्हत्या. जागृतीने परातीतून मान वर केली.

“आई, तेवढे रिद्धीचे तांदूळ भिजत घाला ना. माजे हात कनकेचे हायत.”